परतीच्या पावसात पुढचा आठवडा कसा वाचायचा: सोलापुरात नव्यानं शेतीला लागलेल्यांसाठी

बारा वर्षं पुण्यात नोकरी करून मी मोहोळ तालुक्यातल्या आमच्या रानात परत आलो आणि पहिल्याच ऑक्टोबरात तीन एकर सोयाबीन पावसात सापडलं. हवामानाचा अंदाज मी रोज बघत होतो. 'तुरळक ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी त्याचा अर्थ 'थोडाफार शिडकावा होईल' असा घेतला. सकाळी माणसं लावून काढणी सुरू केली. संध्याकाळी सातच्या सुमाराला तुळजापूरच्या बाजूनं आभाळ चढलं आणि पहाटे बघतो तर कापून टाकलेल्या सोयाबीनखालून पाणी वाहत होतं. आठ दिवसांनी शेंग उकलली तर आत मोड आलेला दाणा.

अंदाज बरोबर होता, मला तो वाचता येत नव्हता. पुढची तीन-चार वर्षं आण्णांकडून, शेजारच्या तात्यांकडून आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांना विचारून विचारून जे शिकलो, ते इथं क्रमानं मांडतो. शहरातून गावी परत आलेले, वाट्यानं रान केलेले किंवा वडिलांच्या मागं पहिल्यांदाच एकट्यानं हंगाम सांभाळणारे, अशांसाठी हे आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. सोलापूर पर्जन्यछायेत येतं. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या वाऱ्यात आपल्यासाठी फारसं पाणी उरत नाही. वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, आणि त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरात. म्हणून हा जिल्हा रब्बीचा. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर काळ्या रानात ओल साठते आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. म्हणजे सोयाबीन नासवणारा पाऊस आणि ज्वारी पिकवणारा पाऊस एकच. 'पाऊस येईल का?' एवढंच विचारून भागत नाही. कुठल्या रानावर, किती आणि कोणत्या वेळी, हे विचारावं लागतं.

## १. हाताशी काय हवं

- फोनमध्ये तीन ॲप: हवामान खात्याचं 'मौसम', शेतीसल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी'. तिन्ही फुकट आहेत.
- एक साधा पर्जन्यमापक. विकतचा नसेल तर तोंड आणि तळ सारख्याच मापाचा, उभ्या बाजूंचा डबा चालतो. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर रोवा आणि आत साचलेलं पाणी पट्टीनं मोजा.
- एक वही. तारीख, पाऊस किती, वारा कुठून, आभाळ कसं, एवढंच लिहायचं.
- गंज झाकायला पुरेल एवढी ताडपत्री आणि दोर. ही वस्तू पाऊस आल्यावर शोधायची नसते.

मापकाचा उपयोग काय, असं मलाही वाटायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर झाला की एकरी लाखभर लिटर. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की अंदाजातले आकडे रानावर दिसायला लागतात.

## २. आपला विभाग कोणता ते ओळखा

हवामान खातं महाराष्ट्राचे चार विभाग करतं: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. सोलापूर जिल्हा मध्य महाराष्ट्रात मोडतो, आणि नवखा माणूस इथंच फसतो. मध्य महाराष्ट्र नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत पसरलाय. 'मध्य महाराष्ट्रात मुसळधार' असा मथळा आला की बऱ्याचदा तो पाऊस महाबळेश्वरच्या, ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरचा असतो. सांगोल्यात त्या दिवशी नुसता वारा सुटलेला असतो.

म्हणून मथळ्यावर थांबू नका, जिल्ह्याचा तक्ता उघडा. त्याच्या जोडीनं शेजारही बघा. बार्शीकरांनी धाराशिवचा अंदाज बघावा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या लोकांनी कलबुर्गी आणि विजयपूरचा, म्हणजे उत्तर अंतर्गत कर्नाटकाचा बघावा. परतीच्या दिवसांत आपल्याकडचा पाऊस पुष्कळदा पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून चालत येतो. ढग जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाहीत.

## ३. शब्द मोजूनमापून वाचा

माझं सोयाबीन इथंच गेलं, म्हणून इथं जरा सावकाश सांगतो.

अंदाजातल्या एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पाऊस किती जागी पडेल ही एक, आणि जिथं पडेल तिथं किती पडेल ही दुसरी.

जागा सांगणारे शब्द असे: 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. त्याच्या वर गेलं की 'बहुतेक ठिकाणी'. 'तुरळक' हा शब्द पावसाचा जोर सांगत नाही. चार गावांतल्या एका गावाला झोडपून काढलं आणि तीन गावं कोरडी राहिली तरी तो तुरळक ठिकाणचाच पाऊस.

जोर सांगणारे शब्द चोवीस तासांच्या मापावर ठरलेले आहेत:

- हलका: २.५ ते १५.५ मिलिमीटर
- मध्यम: १५.६ ते ६४.४
- मुसळधार: ६४.५ ते ११५.५
- अति मुसळधार: ११५.६ ते २०४.४
- त्याच्या वर अत्यंत मुसळधार

आता 'मध्यम' कडे नीट बघा. साठ मिलिमीटरसुद्धा मध्यमच. चोवीस तासांत संथपणे पडला तर काळं रान तो पिऊन टाकतं. पण ऑक्टोबरातला गडगडाटी पाऊस तेवढाच दीड-दोन तासांत ओततो, आणि मग बांध फुटतात. म्हणून मध्यम शब्दाच्या शेजारी 'विजांच्या कडकडाटासह' असं दिसलं की काढणीच्या दृष्टीनं मी तो जोरदारच धरतो. शास्त्रानं तसं सांगितलेलं नाही, माझा आपला नियम आहे, पण त्यानं माझं बरंच वाचवलंय.

तिसरी गोष्ट दिवसाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारचा इशारा बुधवारच्या पहाटेलाही लागू असतो. मंगळवारी रात्री पडलेला पाऊस नोंदीत बुधवारच्या तारखेखाली दिसतो. नव्या माणसाला वाटतं, 'मंगळवारी सांगितला होता, आला नाही, आता बुधवारी मोकळं.' आणि तो बुधवारी पहाटेच मळणीयंत्र बोलावतो.

रंग सोपे आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीनं हालचाल करा. आपल्याकडे परतीच्या पावसात पिवळा सारखाच येतो, मुख्यतः विजा आणि ताशी ३०-४० किलोमीटरच्या वाऱ्यासाठी. रोज येतो म्हणून लोक त्याच्याकडे बघेनासे होतात. तसं करू नका.

मेघदूतच्या तक्त्यात ढगांचा आकडा शून्य ते आठमध्ये दिलेला असतो. आठ म्हणजे आभाळ पूर्ण भरलेलं. मी पहिल्यांदा सात हा आकडा सात टक्के समजलो होतो.

## ४. मंगळवारी आणि शुक्रवारी आठवडा आखा

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आणि पीकनिहाय सल्ला असतो. त्याच दोन संध्याकाळी वही घेऊन बसा. दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या चार आठवड्यांचा ढोबळ अंदाजही देतं. त्यावरून एवढंच बघा, की पाऊस सरासरीपेक्षा जास्तीकडे झुकतोय की कमीकडे. त्यावर तारखा ठरवू नका.

'मौसम'वर दिसणाऱ्या सातही दिवसांवर सारखाच भरवसा ठेवायचा नाही. पहिले तीन दिवस कामाच्या भरवशाचे. चौथा-पाचवा दिवस 'बहुतेक'. सहावा-सातवा नुसती दिशा दाखवतो, म्हणून तो पेन्सिलनं लिहा आणि पुढच्या बैठकीत खोडा. फोनवरची काही परदेशी ॲप दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता किती मिलिमीटर पडेल ते दाखवतात. गडगडाटी ढग तासा-दोन तासांत तयार होतो आणि विरतो. त्याचा दहा दिवस आधीचा तास कुणालाच सांगता येत नाही.

## ५. बंगालच्या उपसागराकडे नजर ठेवा

आपल्याकडचा परतीचा मोठा पाऊस बहुधा तिकडून येतो. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतं आणि तेलंगणातून पश्चिमेकडे सरकतं. ऑक्टोबर २०२० आठवा. १३ तारखेला सकाळी तीव्र कमी दाबाचं क्षेत्र काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आलं. त्याच सुमाराला हैदराबाद बुडालं. १४ तारखेला सोलापूर आणि पंढरपूर पाण्यात होतं.

म्हणजे किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत साधारण दीड दिवस मिळतो, आणि समुद्रात तयार होतानाची बातमी त्याच्याही दोन-तीन दिवस आधी आलेली असते. म्हणून आठवड्याच्या आखणीत मी पहिली नोंद हीच करतो: उपसागरात काही आहे का? असेल तर कुठल्या दिशेनं निघालंय? उत्तरेकडे, बंगाल-बांगलादेशकडे वळलं तर आपण बहुधा सुटतो. पश्चिमेकडे, तेलंगणाच्या रोखानं आलं तर त्या आठवड्यात उभं सोयाबीन कापायचं नाही.

गावातली एक साधी खूण. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाब साधारण तुमच्या डाव्या हाताला असतो. पाठीशी उत्तरेचा वारा सतत लागत असेल तर डावा हात पूर्वेकडे, म्हणजे तेलंगणाच्या बाजूला. ही खूण दिवसभर एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यावर बघायची. ढगाच्या तोंडाशी सुटणारी वावटळ यात धरू नका.

## ६. नदीकाठचं रान असेल तर वरचा पाऊस बघा

आमच्या भागात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं जे केलं ते सगळ्यांनी बघितलंय. करमाळा, माढा, मोहोळकडच्या काठच्या गावांत घरात पाणी शिरलं. ते पाणी सगळं आपल्या शिवारातलं नव्हतं. अहिल्यानगर आणि धाराशिवकडे पडलेला पाऊस सीना-कोळेगाव आणि भोवतालच्या धरणांतून खाली आला.

सीनाकाठी रान असेल तर अहिल्यानगर, धाराशिवचा पाऊस आणि सीना-कोळेगावचा विसर्ग बघा. भीमाकाठी असेल तर दौंडचा विसर्ग, उजनीची पातळी आणि नीरेवरच्या वीर धरणातून किती पाणी सोडलंय ते बघा. नीरा नरसिंगपूरला नीरा भीमेला मिळते, त्यामुळे पंढरपूरच्या पाण्यात उजनी आणि वीर दोघांची बेरीज असते. उजनी काठोकाठ असेल, म्हणजे ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, तर वरून आलेलं पाणी पोटात घ्यायला तिच्याकडे जागा नसते, ते खाली सोडावंच लागतं.

मोटर, केबल, पाइप आणि स्टार्टरची पेटी विसर्ग वाढल्याची बातमी आल्याबरोबर वर काढा. रात्री पाणी चढताना काढायला जाऊ नका.

## ७. आज संध्याकाळचं आभाळ स्वतः वाचा

जिल्ह्याचा अंदाज तुमच्या बांधापर्यंत पोचत नाही. शेवटचे सहा-सात तास तुमचे तुम्हालाच बघावे लागतात.

सकाळी लख्ख ऊन, दहापासूनच घामाच्या धारा, वारा पडलेला, पारा ३३-३४ च्या घरात, ही तयारीची खूण. दुपारी एकनंतर कापसाच्या ढिगासारखे ढग दिसायला लागतात. ते आडवे पसरत असतील तर फारसं काही नाही. उभे वाढत असतील, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या करकरीत असतील आणि बूड काळं पडत असेल, तर तासाभरात निर्णय घ्या. माथा ऐरणीसारखा सपाट पसरला की ढग पक्का झाला. आणि भर उकाड्यात अचानक गार झुळूक लागली, तर समजा तो पाच-दहा मिनिटांवर आलाय.

तात्यांचं म्हणणं असतं, 'आभाळ कुठनं चढलं ते बघू नको, कुठं निघालंय ते बघ.' दहा मिनिटांच्या अंतरानं एकाच झाडाच्या शेंड्यावरून ढगाकडे बघितलं की त्याची चाल कळते. या जोडीला हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा बघा. त्यात जिल्ह्याचं नाव येतं.

## ८. कामं कशी वाटायची

मी कामांचे दोन भाग करतो. एकदा केलं की मागं घेता येत नाही असं, आणि दोन दिवस पुढं ढकललं तरी चालतं असं.

सोयाबीन. कापणी मागं घेता येत नाही. कापणी, वाळवण आणि मळणी मिळून तीन कोरडे दिवस दिसत असतील तरच कोयता लावा. दोनच दिसत असतील तर संध्याकाळपर्यंत जेवढं गोळा करून झाकता येईल तेवढंच कापा. बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंज, उंचवट्यावर लावा, खाली जुना कडबा किंवा फळ्या टाका. नुसती वरून ताडपत्री घातली तर पाणी बुडातून चढतं. मात्र उभं सोयाबीन फार दिवस ठेवलं तर उन्हात शेंगा तडकतात. त्यामुळे पहिली खरी उघडीप सोडू नका.

रब्बी ज्वारी. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही पेरणीची घात, म्हणजे योग्य वेळ. पाऊस हवा, पण पेरणीच्या आधी. पेरल्यावर लगेच जोराचा पाऊस झाला की काळं रान वरून दडपतं, खपली धरते आणि कोंब वर येत नाही. मी पावसाच्या मागं पेरतो, पुढं नाही. पाऊस उघडला, वापसा आला (रान पेरणीजोगं सुकलं), पुढचे तीन दिवस मोकळे दिसले, की पाभर (पेरणीचं अवजार) काढायची. वापसा आलाय का ते बघायला चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, आणि खाली टाकला की फुटावा.

डाळिंब आणि द्राक्ष. हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा) धरलेल्या डाळिंबावर दमट हवेत तेल्या रोग पसरतो, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी रोग येतो. दोन्हीकडे किती मिलिमीटर पडला त्यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं हे महत्त्वाचं. अंदाजात पाऊस नसला तरी आर्द्रता आणि ढगाळपणाचे आकडे बघा. सगळी बाग एकाच दिवशी छाटू नका. औषध कुठलं ते केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानंच ठरवा, दुकानदाराच्या नाही.

फवारणी. पुढं किमान पाच-सहा तासांची उघडीप आणि शांत वारा हवा. या दिवसांत पाऊस बहुतेक संध्याकाळचा, म्हणून सकाळी दव उडाल्याबरोबर उरकून घ्या.

कांदा. काढणीला आलेला कांदा ओल्या रानातून उपटून बाजारात नेण्याची घाई करू नका. रब्बी कांद्याचं रोप टाकणार असाल तर गादीवाफ्यावरच (उंच केलेल्या वाफ्यावर) टाका.

## ९. विजा

यावर चर्चा नको. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांनी आला तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडलीय. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

झाडाखाली थांबू नका, जनावरंही झाडाला बांधू नका. मोटरच्या स्टार्टरला, तारेच्या कुंपणाला, लोखंडी पाइपला हात लावू नका. उघड्या रानात सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. रोजानं आलेल्या बायका पाऊस थांबायची वाट बघत कडुलिंबाखाली उभ्या राहतात. त्यांना घरी किंवा पक्क्या खोलीत पोचवणं ही रानमालकाची जबाबदारी आहे. त्या दिवसाचा रोज कापू नका, म्हणजे त्याही थांबायचा हट्ट धरणार नाहीत.

## १०. नुकसान झालंच तर

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की शासनाच्या नोंदीत ती अतिवृष्टी. हा आकडा मंडळाच्या केंद्रावरचा असतो, तुमच्या डब्यातला नाही. तरी तुमची वही पंचनाम्याच्या वेळी बोलायला उपयोगी पडते.

पाणी रानात उभं असतानाच फोटो काढा. बांध, विहीर, गट क्रमांकाची पाटी अशी ओळखीची खूण त्यात येऊ द्या. मग तलाठी आणि कृषी सहायकाला लगेच कळवा. कागद आधीच एका पिशवीत ठेवा: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाची प्रत, शेतकरी ओळख क्रमांक, विमा भरला असेल तर त्याची पावती. ई-पीक पाहणी वेळेत केलेली असली पाहिजे. सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नसेल तर पंचनाम्याला आलेला माणूसही काही करू शकत नाही. एका वर्षी आमच्या एका गटाची नोंद राहिली होती, आणि त्या गटाचं काहीच मिळालं नाही.

अडचणीत फोन: किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

## ११. पावसाळा संपला हे कधी धरायचं

देशात परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला होते आणि १५ ऑक्टोबरच्या सुमाराला मान्सून सगळ्या देशातून गेलेला असतो. आपल्याकडून तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास निघतो. पण 'मान्सून परतला' या बातमीचा अर्थ 'आता पाऊस नाही' असा नसतो. नैऋत्येचे वारे गेले एवढंच त्यातून कळतं. उपसागर त्यानंतरच खवळतो. जुनी माणसं 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती' म्हणतात. स्वाती नक्षत्र लागतं तेच २४ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे बातमी येऊन गेल्यावर. तो पाऊस ज्वारीला सोन्यासारखा, वेचणीला आलेल्या कापसाला मात्र वाईट.

मी तीन खुणा एकत्र बघतो. सकाळी गवतावर दव दिसायला लागतं, वारा ईशान्येकडून कोरडा लागतो आणि दुपारी ढग आले तरी उभे वाढत नाहीत. आठवडाभर वहीत हेच लिहिलं गेलं की रोजची पाहणी थांबवतो, मंगळवार-शुक्रवारची ठेवतो. ताडपत्री मात्र कार्तिकी एकादशी होईपर्यंत गोठ्यातच, हाताला येईल अशी.